सुईच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

"रक्ताला जात नसते" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा भिंतीवर रंगवलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. शिबिराच्या मांडवावर हेच, बँकेच्या कॅलेंडरवर हेच, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हेच. एका बाजूला दंडात सुई टोचलेला हसरा पोरगा, दुसऱ्या बाजूला हात जोडलेले साहेब, मधी हे वाक्य. आपली पोरंही तेच छापतात. १४ एप्रिलला छापतात, ६ डिसेंबरला छापतात. वर बाबासाहेबांचा फोटो, निळी कमान, खाली "रक्ताला जात नसते".

दोस्तांनो, प्रयोगशाळेत हे वाक्य खरं आहे. १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरनं रक्ताचे गट जगापुढं मांडले, तेव्हा त्याला ब्राह्मण गट, मराठा गट, मांग गट असं काही सापडलं नाही. पण प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पाऊल टाका. रक्ताला जात नसेल, रक्ताच्या पिशवीच्या प्रवासाला आहे. ती कुणाच्या दंडातून भरली, कुठं तपासली, कितपत तपासली, कुणाच्या हातानं वॉर्डात आली, कुणाच्या शिरेत गेली आणि रिकामी झाल्यावर कुणी उचलली, एवढे प्रश्न ओळीनं विचारा. जात कशी टराटरा वर येते बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. गेली कितीतरी वर्षं आपण सुईच्या एकाच टोकाला गर्दी केली आहे. देणाऱ्याच्या. तिथं कमान आहे, केळं आहे, कॉफी आहे, प्रमाणपत्र आहे, फोटो आहे. दुसऱ्या टोकाला, जिथं ते रक्त चढतं, तिथं आपलीच बाई, आपलंच लेकरू पडलेलं असतं. आणि तिथं आपल्यातला एकही माणूस उभा नाही. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचणारा नाही, विचारणारा नाही, भांडणारा नाही. ही काय चळवळ झाली?

कुणी म्हणेल, रक्तात जात आणणं म्हणजे अतिरेक झाला. अमेरिकेत आणलीच होती की. १९४० साली युद्धात होरपळणाऱ्या इंग्लंडला रक्तद्रव पाठवायची मोहीम ज्यानं उभी केली, तो डॉ. चार्ल्स ड्रू काळा माणूस होता. आणि १९४१ साली अमेरिकन रेडक्रॉसनं काळ्यांचं रक्त घ्यायलाच नकार दिला. ओरड झाली तेव्हा १९४२ पासून घेऊ लागले, पण वेगळं ठेवून, वेगळी चिठ्ठी लावून. शास्त्रात याला काडीचा आधार नाही हे त्यांच्या डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. गोऱ्याच्या मनाला बरं वाटत नाही, एवढंच कारण. रेडक्रॉसनं हा भेद १९५० साली सोडला. लुइझियाना राज्यात तर रक्तावर वंश लिहायचा कायदाच होता. तो गेला १९७२ साली. मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच साल. (ड्रूला काळा म्हणून रक्त नाकारलं आणि तो मेला, अशी एक गोष्ट फिरते. ती खरी नाही. १९५० च्या मोटार अपघातानंतर गोऱ्या डॉक्टरांनी त्याला वाचवायची धडपड केली होती. खरं एवढं भयंकर असताना आपण खोटं कशाला सांगायचं?)

आपल्याकडं तशी चिठ्ठी लावली नाही. गरजच पडली नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याला आपला हात लागला, तर शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. पाणी बाटलं याची एवढी काळजी. तोच माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झाला की पिशवी कुणाची हे विचारत नाही. तिथं सोवळं खुंटीला. जीव वाचवायला आमचं रक्त चालतं, हे त्याला केव्हाच कळलंय.

तर या पिशव्या भरत कोण होतं? १९९७ संपेपर्यंत या देशात रक्त विकणं हा उघड धंदा होता. विकणारा कोण? हमाल, रिक्षा ओढणारा, फुटपाथवर झोपणारा, दुष्काळात गाव सोडून आलेला भूमिहीन, दारूत बुडालेला. त्याची जात मी सांगायला पाहिजे का? दंड पुढं करायचा, नोटा घ्यायच्या, थोड्या दिवसांनी पुन्हा दंड पुढं करायचा. रक्त पाण्यासारखं पातळ झालं तरी. सरकारनं एका कंपनीकडून पाहणी करवली, १९९० साली अहवाल आला. १०१८ रक्तपेढ्यांपैकी ६१६ विनापरवाना. म्हणजे पानटपरीला लायसन लागत होतं, रक्ताच्या दुकानाला नाही.

"कॉमन कॉज" नावाची संस्था सुप्रीम कोर्टात गेली. ४ जानेवारी १९९६ ला निकाल लागला. सगळ्या पेढ्यांना परवाना सक्तीचा, देशात आणि राज्यात रक्तसंक्रमण परिषदा, आणि दोन वर्षांत पैसे घेऊन रक्त देणं बंद. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. कागदावर. दहा वर्षांनी, २००८ च्या मार्चमध्ये, उत्तर प्रदेशात गोरखपूरला पोलिसांनी एक टोळी पकडली. माणसं खोलीत कोंडून ठेवायची आणि त्यांचं रक्त काढून विकायचं. सतरा माणसं बाहेर काढली. गाईम्हशी पाळतात तशी पाळलेली माणसं. त्या सतरांच्या नावानं कुणी मेणबत्ती लावली नाही.

आणि तुम्ही म्हणाल हे लांबचं झालं, तर आपल्या सिव्हिलच्या गेटावर जाऊन उभे राहा. आत नातेवाइकाला सांगतात, "दोन पिशव्या पाहिजे असतील तर दोन माणसं घेऊन या." बदली रक्तदाता म्हणतात याला. पन्नास कोसांवरून बायकोला बाळंतपणाला घेऊन आलेला गडी माणसं आणणार कुठून? त्याच्यासोबत म्हातारी आई आणि दोन कच्चीबच्ची. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी भेटतो. "काका, मी देतो. काय द्यायचं ते समजून द्या." फॉर्मवर तो "मेव्हणा" होतो. बंद झालेला धंदा मागच्या दारानं आत येतो, आणि पेढीवाल्यानं दिलेल्या फॉर्मवरूनच येतो. आता हा मेव्हणा, ज्याला पैशाची गरज आहे, तो "गेल्या महिन्यात काय काय केलंत" या प्रश्नाला खरं उत्तर देईल का? म्हणून पैसे देऊन घेतलेलं रक्त वाईट. तो माणूस वाईट असतो म्हणून नाही. त्याला खरं बोलणं परवडत नाही म्हणून.

हाच नियम आपल्या शिबिरांनाही लागू आहे, आणि इथं काही मित्र माझ्यावर चिडणार. चिडू द्या. साहेबांच्या वाढदिवसाला हेल्मेट वाटतात, स्टीलचा डबा वाटतात, घड्याळ वाटतात, आणि पोरं रांगेत उभी राहतात. फुकट दिलेल्या डब्यालाही किंमत असतेच की. रांगेत शेजारी मित्र, मागं चुलतभाऊ, पुढं टेबलावर ताई विचारते, "कावीळ झाली होती का? सुया घेता का? बाहेर संबंध?" सगळ्या गल्लीसमोर कोण हो म्हणेल? पडदा नाही, आडोसा नाही. आणि एका दिवसात एवढ्या पिशव्या भरल्या की तांबड्या पेशींची पिशवी ३५, फार तर ४२ दिवस टिकते हे कुणाच्या ध्यानात नाही. एप्रिलमध्ये पूर, मे महिन्यात टिपूस नाही. साहेबांचा वाढदिवस काही रोग्याची गरज बघून येत नाही.

आता तपासणीचं बघू. हे नीट समजून घ्या, कारण इथं आपल्याला गप्प बसवतात. "टेक्निकल आहे, तुम्हाला कळणार नाही" म्हणतात. वेदाचंही असंच सांगत होते.

प्रत्येक पिशवीवर पाच रोगांची तपासणी कायद्यानं सक्तीची आहे. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गरमी आणि मलेरिया. एचआयव्हीची सक्ती १९८९ पासून, कावीळ सीची तर २००१ पासून. पण रोगाचा जंतू अंगात शिरल्यावर लगेच तपासणीत दिसत नाही. मधे काही दिवस असे असतात की रक्तात जंतू आहे, ते रक्त दुसऱ्याला रोग देऊ शकतं, पण चाचणी "निगेटिव्ह" म्हणते. याला इंग्रजीत खिडकी म्हणतात. विंडो पिरियड. नेहमीच्या एलायझा चाचणीत एचआयव्हीसाठी ही खिडकी साधारण दोन ते तीन आठवडे उघडी राहते, चाचणी जुनी असेल तर जास्त. दुसरी एक चाचणी आहे, नॅट. ती जंतूचं मूळ बीजच शोधते. तिच्यानं खिडकी दहा-बारा दिवसांवर येते. कावीळ सीच्या बाबतीत तर दोन-दोन महिन्यांचं काम थोड्या दिवसांवर येतं. खिडकी पुरती बंद होत नाही, पण फटीएवढी उरते.

मग ही नॅट सगळीकडं का नाही? महाग आहे म्हणतात. यंत्र लागतं, माणूस लागतो, रोज भरपूर नमुने लागतात. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत ती आहे, त्याचे वेगळे पैसे बिलात लावतात. काही मोठ्या सरकारी पेढ्यांतही आहे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी विचारा. विचारलं की "बाहेरून आणा" म्हणतात.

आपल्या बापजाद्यांसाठी गावच्या हॉटेलात कानतुटका कप वेगळा ठेवलेला असायचा. वळचणीला टांगलेला. स्वतःच विसळायचा, स्वतःच टांगायचा. तो कप गेला असं आपल्याला सांगतात. अरे, गेला कुठं? रक्तपेढीच्या फ्रीजमधी जाऊन बसलाय. एकासाठी दहा दिवसांच्या खिडकीचं रक्त, दुसऱ्यासाठी तीन आठवड्यांच्या खिडकीचं. पिशवी दिसायला सारखीच. कपाला निदान तुटका कान होता, ओळखू तरी यायचा.

हा हिशेब कुणाच्या अंगावर फुटतो? ज्याला एकदाच रक्त लागतं त्याच्या नशिबानं तो सुटेल. थॅलेसेमियाच्या लेकराला दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. जन्मभर. प्रत्येक पिशवी म्हणजे एक सोडत. २०११ साली गुजरातेत जुनागढला थॅलेसेमियाच्या २३ मुलांना एचआयव्ही निघाला. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या नागपुरात अशा चार मुलांना निघाला, त्यातलं एक गेलं. नागपुरात! दीक्षाभूमीच्या गावात. मोर्चा किती निघाला? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं सरकारला नोटीस काढली, तेवढी आपल्या एकाही संघटनेला काढता आली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात झारखंडमध्ये चाईबासाला, म्हणजे आदिवासी मुलखात, सरकारी दवाखान्यात रक्त घेणाऱ्या पाच मुलांना एचआयव्ही निघाला. सिव्हिल सर्जन निलंबित, दोन-दोन लाख जाहीर. झालं.

२०१६ साली माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं एक आकडा दिला. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २२३४ माणसांनी आपल्याला रक्त चढवल्यामुळं एचआयव्ही झाल्याचं सांगितलं. त्यात २७६ महाराष्ट्रातली. सरकार म्हणतं, हे रोग्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, आम्ही पडताळलेलं नाही. बरोबर आहे. मग पडताळा ना! पिशवीवर नंबर असतो, पेढीला पाच वर्षं दप्तर ठेवावं लागतं, नंबरावरून देणाऱ्यापर्यंत मागं जाता येतं. जायचं नाही, आणि वर "पडताळलेलं नाही" म्हणायचं. ॲट्रॉसिटीच्या केसमधी पंचनामा न करता "पुरावा नाही" म्हणणाऱ्या फौजदाराची हीच भाषा असते.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या पोरांना याची ओळख करून द्यायला नको. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली "लॅन्सेट"मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. गोंड, माडिया, भिल्लांच्या घरी आहे, तशी महारांच्या, म्हणजे आजच्या बौद्धांच्या घरी आहे, तेली-कुणब्यांच्या घरीही आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला मोठा सोहळा करून राष्ट्रीय मिशन सुरू केलं. २०४७ पर्यंत रोग संपवणार आहेत. भर आदिवासी भागावर आहे, तो असलाच पाहिजे. पण उमरेडच्या, पवनीच्या, ब्रम्हपुरीच्या बौद्ध वस्तीतल्या पोराचं काय? त्याला हातापायाची दुखणी उठतात, हिमोग्लोबिन सहावर, पाचवर येतं, बाप कडेवर घेऊन नागपूरची एसटी धरतो. अशा पोरांना पुन्हा पुन्हा रक्त लागतं, आणि पुन्हा पुन्हा परकं रक्त गेलं की अंगात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. पुढची पिशवी जुळता जुळत नाही. म्हणून त्यांच्यासाठी नुसता ए-बी-ओ गट बघून भागत नाही, आणखी बारीक जुळवणी करावी लागते. करतात का? विचारलं कुणी? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया तिन्ही आहेत. दाखला काढायला गेलं की "हात-पाय तर धड आहेत की" म्हणणारे बाबू अजून भेटतात.

बायांचं तर बोलायलाच नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. ही बाई बाळंतपणाला जाते ती कोरडीच जाते. जरा जास्त रक्त गेलं की पिशवी. तिचं रक्त कमी का, हे कुणी विचारत नाही. ते विचारलं तर जमिनीचा नि मजुरीचा प्रश्न निघतो.

रोगाचं झालं. पण सगळ्यात पटकन मारते ती साधी चूक. एकाची पिशवी दुसऱ्याला. आपल्याकडं एका वॉर्डात चार मेश्राम नि तीन रामटेके निघतात. वस्तीतल्या एका बाईसोबत मी एका सरकारी दवाखान्यात होतो, नाव घेत नाही. रात्रीचे अकरा. वॉर्डात सत्तावन्न बाया, एक सिस्टर, शिकाऊ डॉक्टर खालच्या मजल्यावर. वॉर्डबॉय मामा दोन पिशव्या भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आला. सिस्टरनं एक स्टँडला टांगली. मी म्हणालो, "ताई, नंबर बघता का जरा?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. वाचता येतं."

ती वैतागली, पण चिठ्ठी काढली. आडनाव बरोबर. गट बी. आमच्या बाईच्या कागदावर ओ. पिशवी पाच खाटा पलीकडच्या बाईची, आडनाव तेच. सिस्टर स्टँड धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, दोन दिवस झाले, घरी नाही गेली मी. रिलीव्हरच आली नाही."

या सिस्टरला फासावर द्या असं मी म्हणत नाही, आणि कार्यकर्त्यांनी तिच्या अंगावर धावून जाऊ नये. तीही बहुतेक आपल्यासारख्याच घरातली, कंत्राटावरची. सत्तावन्न बायांना एक सिस्टर ज्यानं ठेवली तो मंत्रालयात बसतो. "राखीव जागेवरचा डॉक्टर रोगी मारतो" म्हणून चौकाचौकात बोंबलणारे विद्वान या सत्तावन्नाबद्दल कधी बोलत नाहीत. जागा रिकामी ठेवून किती मारले, तो हिशेब त्यांना नको.

पण नियम काय आहे तो माहीत करून घ्या. पिशवी टांगण्याआधी दोघांनी खाटेजवळ उभं राहून वाचायचं. रोग्याचं पूर्ण नाव, नोंदणी नंबर, गट, पिशवीचा नंबर, मुदतीची तारीख. रोगी शुद्धीत असेल तर नाव त्यालाच विचारायचं. "तूच ना अमकी?" असं नाही, "नाव सांग" असं. कारण घाबरलेली बाई कशालाही हो म्हणते. पेढीतून बाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासाच्या आत लावायची, लावल्यापासून चार तासांत संपवायची. थंड आहे म्हणून काखेत धरून ऊब द्यायला नातेवाइकाला सांगतात, गरम पाण्यात बुडवतात. बंद करा हा प्रकार, त्यानं रक्त नासतं. पहिली पंधरा मिनिटं रोग्याजवळून हलायचं नाही. थंडी वाजली, ताप चढला, कंबर दुखू लागली, छातीत आवळलं, लघवी लाल झाली, तर आधी रक्त बंद. मग डॉक्टरला हाका मारा. उरलेली पिशवी फेकायची नाही, पेढीत परत द्यायची, पुरावा तोच आहे. अशा घटना कळवायला २०१२ च्या डिसेंबरपासून देशपातळीवर हिमोव्हिजिलन्स नावाची योजना आहे. पण कळवणं दवाखान्याच्या मर्जीवर. चोरानंच चोरीची फिर्याद द्यायची.

आणि "ओ गट म्हणजे कुणालाही चालतं, ओ ला कुठलंही ओ चालतं" असं समजणाऱ्यांसाठी. आपल्या मुंबईच्या नावाचा एक गट आहे, बाँबे ब्लड ग्रुप. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. अर्धवट तपासणीत हा माणूस ओ गटाचा दिसतो. ओ चं रक्त चढवलं तर मरू शकतो. त्याला फक्त त्याच्याच गटाचं चालतं. म्हणून उलटसुलट दोन्हीकडून गट तपासायचा आणि वर क्रॉसमॅच करायची, म्हणजे रोग्याचं नि पिशवीतलं रक्त एकमेकांत घालून बघायचं. घाई आहे म्हणून हे गाळतात तेव्हा कुणाच्या जिवावर गाळतात?

आता शेवटचा हात. रिकामी पिशवी, नळी, सुई. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणं रक्ताची पिशवी पिवळ्या पिशवीत जायला पाहिजे, आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बीची लस दवाखान्यानं द्यायला पाहिजे. हाताळणारा कोण? मेहतर, वाल्मिकी, आणि आपल्या वस्तीतल्या मावश्या. कंत्राटावर. जाऊन विचारा, "मावशी, लस टोचली का?" ती विचारते, "कशाची?" फाटक्या हातमोज्यातून सुई लागली तर ती पाण्यानं हात धुते नि कामाला लागते. पिशवी भरताना आपला माणूस, चढताना आपला, फेकताना आपला. मधल्या तपासणीच्या टेबलावर, खरेदीच्या फायलीवर, परिषदेच्या बैठकीत मात्र आपण दिसत नाही.

काही शहाणे म्हणतील, असं लिहू नका, लोक घाबरतील, रक्तदान कमी होईल. मी साफ सांगतो, रक्त द्या. देणाऱ्याला काही होत नाही, सुई नवी असते, अठरा ते पासष्ट वय, पंचेचाळीस किलोच्या वर वजन आणि साडेबाराच्या वर हिमोग्लोबिन असेल तर पुरुषानं तीन महिन्यांनी, बाईनं चार महिन्यांनी खुशाल द्यावं. एकदाच डबा घेऊन जाणाऱ्यापेक्षा वर्षानुवर्षं नेमानं देणारा माणूस सगळ्यात सुरक्षित. पण दिलेलं रक्त कुठं गेलं हे विचारायचं नाही, असं कुठल्या धम्मात सांगितलंय? आपण दान देऊन पुण्य मिळवणारी माणसं नाही. ते देवळातल्यांचं काम. आपण हिशेब मागणारी माणसं आहोत.

म्हणून माझी सूचना आहे, आणि ज्या मंडळाला पटेल त्यांनी लगेच धरावी. येत्या ६ डिसेंबरला शिबिर घ्याल त्या पेढीकडून आधी लेखी घ्या: नॅट करता का, नाही तर कुठली चाचणी करता, गेल्या वर्षी किती पिशव्या मुदत संपून फेकल्या. लेखी देत नसेल तर त्या पेढीला कमानीखाली येऊ देऊ नका. प्रश्न विचारायला आडोसा करा, भेटवस्तू बंद करा. प्रत्येक वस्तीतून दोन पोरं, दोन पोरी तयार करा, ज्यांना पिशवीवरची चिठ्ठी वाचता येते. कुणाच्याही घरचं माणूस दवाखान्यात असलं की पाळीनं तिथं बसायचं, वहीत पिशवीचा नंबर उतरवायचा. सिस्टरशी गोडीनं बोलायचं, अधिष्ठात्याशी कागदानं.

आणि सोमवारी जिल्हा रुग्णालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडं अर्ज टाका. रक्तपेढीचा परवाना कधीपर्यंत आहे? रक्तसंक्रमण समितीच्या गेल्या वर्षात किती बैठका झाल्या, इतिवृत्ताच्या नकला द्या. रक्त चढवताना त्रास झाल्याच्या किती नोंदी झाल्या, त्यातल्या किती वर कळवल्या? परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती? कचरा हाताळणाऱ्या किती कामगारांना लस दिली, नावानिशी नको, आकडा द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही.